सर्व्हरची घड्याळं जुळतच नाहीत! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की कुठलाही लॉग (म्हणजे मशीनने वेळेसकट ठेवलेल्या नोंदी) उघडायच्या आधी त्या मशीनचा टाइम बरोबर आहे का ते बघा. त्या एका ओळीवर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले पाच घेतलेत. पहिला मोठा आहे, त्याचं उत्तर पण लांबलंय, पण बाकीच्यांचं निम्मं काम त्यातच होतंय म्हणून तो आधी.

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपीला (कॉम्प्युटर विभागात) आहे. केनयार्डच्या गेटवर टोकन देणारा पीसी वेगळा, वजनकाट्यावरचा पीसी वेगळा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर वेगळा, हजेरीचं थंब मशीन वेगळं, आणि ऑफिसात लिनक्सवर डेटाबेस सर्व्हर. हंगामात एका वाहतूकदाराने तक्रार केली की माझ्या मागची गाडी आधी काट्यावर घेतली. रेकॉर्ड काढलं तर त्याच्या गाडीचं टोकन २:२१ चं आणि भरगाडीचं वजन २:१४ चं, म्हणजे गाडी गेटवर यायच्या आधीच वजन झालेलं! कॅमेऱ्यात तीच गाडी काट्यावर १:५८ ला दिसते. आता साहेब विचारतात यातलं खरं कुठलं. इंटरनेट आमच्याकडे असलं तर असतं. सगळ्यांचा टाइम एक कसा करायचा आणि तो तसाच राहायला काय करायचं?

उत्तर : आधी एक काम करा, अजून कशालाच हात लावू नका. प्रत्येक स्क्रीनच्या शेजारी मोबाइल धरून दोन्ही टाइम एका फोटोत येतील असा फोटो काढा, पीसी, एनव्हीआर, थंब मशीन, सगळ्यांचे. मोबाइलचा टाइम ऑटोमॅटिकवर असू दे. बहुतेक जण आधी घड्याळं नीट करून मोकळे होतात आणि मग जुन्या रेकॉर्डचा हिशोब लावायला हाताशी काहीच राहत नाही. समजा टोकनचा पीसी ११ मिनिटं पुढे निघाला, काट्याचा बरोबर आणि एनव्हीआर १६ मिनिटं मागे, तर टोकन खरं २:१० चं, वजन २:१४ चं, कॅमेरा पण २:१४ चा, म्हणजे गोष्ट सरळ जुळते. अर्थात आजचा फरक म्हणजे तक्रारीच्या दिवशीचा फरक नाही, मधल्या काळात कुणी हाताने टाइम बदलला असेल तर तेही विचारून घ्या.

आणि खरं सांगू का, तुमच्या वाहतूकदाराचं भांडण मिटवायला एवढंही लागत नाही. दोन्ही गाड्यांची टोकनं एकाच पीसीवर निघाली, दोन्हींची वजनं पण एकाच पीसीवर झाली. तो पीसी तासभर पुढे असला तरी त्याच्यावरच्या दोन नोंदींमध्ये आधी कुठली हा क्रम बदलत नाही (मधेच कुणी घड्याळ फिरवलं नसेल तर). टोकनचा क्रम टोकनच्या पीसीवरून काढा, वजनाचा काट्याच्या पीसीवरून, आणि दोन्ही क्रम शेजारी ठेवा. दोन वेगळ्या मशीनचे टाइम एकमेकांतून वजा करायला गेलात की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आता घड्याळं चुकतात कशी ते. प्रत्येक मशीनमध्ये क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो असं धरून घड्याळ पुढे सरकतं, पण कुठलाच क्रिस्टल नेमका तेवढा नसतो. दहा लाखात वीस एवढी चूक साध्या क्रिस्टलमध्ये चालवून घेतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पन्नास एक सेकंद. त्यात तापमान. एसीतल्या सर्व्हरचा क्रिस्टल आणि पत्र्याच्या केबिनमध्ये मार्चच्या उन्हात तापणाऱ्या काट्याच्या पीसीचा क्रिस्टल सारखे चालणार कसे? पण हे सगळं धरूनही अकरा न् सोळा मिनिटं एका हंगामात होत नाहीत, तिथे बहुतेक कुणीतरी अंदाजाने हाताने लावलेला टाइम असतो नाहीतर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलेला असतो. सेल गेला की लाइट जाऊन आल्यावर पीसी कुठल्यातरी जुन्या वर्षात उठतो, आणि गंमत अशी की डोमेनमध्ये (म्हणजे सगळ्यांचं लॉगिन मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या नेटवर्कमध्ये) नसलेलं विंडोज पंधरा तासांपेक्षा जास्त फरक दिसला तर तो आपणहून दुरुस्तच करत नाही, त्यामुळे इंटरनेट चालू असूनही मशीन तिथेच अडकून बसतं आणि ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणत राहतो. सेल बदलणं हे पहिलं काम. फार स्वस्तातलं आहे, स्टोअरला रिक्विझिशन टाकून महिनाभर वाट बघू नका.

मग एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला टाइम विचारून आपलं घड्याळ जुळवायची पद्धत. हा प्रोटोकॉल डेव्हिड मिल्स या प्राध्यापकाचा, १९८५ मध्ये आला, पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात बसून ते तो सुधारत राहिले, नजर जन्मापासून अधू आणि नंतर पूर्ण गेलेली तरीही. २०२४ च्या जानेवारीत गेले. प्रोटोकॉलमधली युक्ती फक्त चार टाइमची आहे. समजा तुमच्या पीसीने स्वतःच्या घड्याळात १०:००:००.००० ला विचारलं, सर्व्हरला ते त्याच्या घड्याळात १०:००:०२.०४० ला मिळालं, त्याने १०:००:०२.०४१ ला उत्तर सोडलं आणि ते तुमच्या पीसीला १०:००:००.०८१ ला पोचलं. जाताना फरक दिसला २.०४० सेकंद, येताना १.९६०, दोन्हींची सरासरी बरोबर २ सेकंद, म्हणजे तुमचा पीसी दोन सेकंद मागे आहे, आणि जाऊन येऊन वाटेत ८० मिलिसेकंद गेले. यात एकच गृहीत आहे, जायला न् यायला सारखाच वेळ लागला. तो सारखा नसेल, म्हणजे जायला ६० आणि यायला २०, तर उत्तर २० मिलिसेकंदांनी चुकतं आणि ते एनटीपीला कळायचा काही मार्ग नाही. तुम्हाला काट्याच्या पावतीसाठी वीस मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, शेअर बाजारवाल्यांना आहे, म्हणून ते लोक पीटीपी नावाचा दुसरा प्रोटोकॉल आणि त्याला सपोर्ट करणारे स्विच आणि नेटवर्क कार्डं वापरतात. कुणी व्हेंडर तुम्हाला तो विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

तुमच्याकडे करायचं असं. प्रत्येक डब्याला इंटरनेटवर सोडायचं नाही. ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनी (लिनक्सवरचा एनटीपीचा प्रोग्रॅम) टाका, जमलं तर दुसऱ्या एका मशीनवर पण टाका, हे दोघं बाहेरून टाइम घेतील आणि आतले सगळे, काटा, टोकन, एनव्हीआर, थंब मशीन, फक्त या दोघांना विचारतील. कॅमेऱ्यांना एनव्हीआरच टाइम देतो, त्यामुळे बहुतेक वेळा एनव्हीआर नीट झाला की कॅमेरे आपोआप होतात, पण एनव्हीआरच्या मेनूत एनटीपी बंद असतं किंवा कुठल्यातरी परदेशी सर्व्हरचं नाव असतं, ते बदलून तुमच्या सर्व्हरचा आयपी घाला आणि टाइमझोन पण बघा, काहींमध्ये बीजिंगचा असतो. क्रॉनीच्या फाइलमध्ये 'अलाऊ' ओळीत तुमचं लोकल नेटवर्क लिहिलं नाही तर तो कुणालाच उत्तर देत नाही, इथे बरेच जण अडकतात. फायरवॉलवर यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) आतून बाहेर उघडा, बाहेरून आत नाही.

बाहेरचे किती सर्व्हर? दोन कधीच नकोत. दोघांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं हे ठरत नाही. तीन असले तर एक खोटा पकडता येतो, चार असले तर एक बंद पडला तरी तीन उरतात. हे पुस्तकी बोलणं वाटत असेल तर १९ नोव्हेंबर २०१२ आठवा, अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या दोन एनटीपी सर्व्हरनी काही काळ साल २००० सांगितलं होतं आणि ज्यांनी त्यांच्यावरच डोळे झाकून भरवसा टाकला होता त्यांच्या विंडोज डोमेनमध्ये लॉगिनचा बोजवारा उडाला. सरकारी मोठ्या संस्थेचं झालं तर बाकीच्यांचं काय.

आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, तिथल्या अणुघड्याळांवर. एनपीएल आणि एनआयसी (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) दोघांचेही एनटीपी सर्व्हर आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था सगळ्यांनी आपली घड्याळं या दोघांशी किंवा त्यांच्याशी जोडता येतील अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची हेही आहे. ऑडिटर विचारतोच, म्हणून बाहेरच्या चारात एनपीएल आणि एनआयसी घालाच.

इंटरनेट गेल्यावर काय, तर घाबरू नका. क्रॉनी चालू असताना तुमच्या क्रिस्टलची चूक मोजून ठेवतो आणि नेट गेलं तरी तेवढी दुरुस्ती करत राहतो, त्यामुळे एकदोन दिवसांत फार काही बिघडत नाही. फक्त फाइलमध्ये 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ टाका, नाहीतर स्वतःलाच टाइम मिळत नाही म्हटल्यावर तो आतल्या मशीनना उत्तर देणं बंद करू शकतो. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासून तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते, १६ म्हणजे जुळलेलंच नाही. आकडा लहान म्हणजे घड्याळ चांगलं असं मात्र नाही, हा गैरसमज फार आहे. नेट आठवडा आठवडा जात असेल तर खिडकीत जीपीएसचा रिसीव्हर लावून तो सर्व्हरला जोडा. साध्या यूएसबीवाल्याची वेळ थोडी मागेपुढे होते, पण तुमचं काम सेकंदाचं आहे, चालेल. फार जुना रिसीव्हर कुणी फुकट दिला तर घेऊ नका, जीपीएसचा आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो (शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला) आणि जुने रिसीव्हर तेव्हा वीस एक वर्षं मागे जातात.

शेवटचं, हे सगळं लावून झाल्यावर रोज सकाळी कुणीतरी फरकाचा आकडा बघायला हवा. सर्व्हरवर 'क्रॉनीसी ट्रॅकिंग', काट्याच्या विंडोजवर 'डब्ल्यू३२टीएम' ची स्टेटस कमांड. थंब मशीन आणि एनव्हीआर नुसते डोळ्यांनी बघा. हंगाम सुरू व्हायच्या आधी हे जमवा, गव्हाण (ऊस गाळपाला नेणारा पट्टा) चालू झाल्यावर तुम्हाला कुणी मशीनला हात लावू देणार नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत एका छोट्या कंपनीत सिस्टम ॲडमिन आहे. आमचे सगळे सर्व्हर व्हीएम (एका मोठ्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, चालणारे आभासी सर्व्हर) आहेत. आधीच्या ॲडमिनने रात्री बारा वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीतून) टाइम सेट करायची स्क्रिप्ट ठेवली आहे. बॅकअपसाठी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घेतला की डेटाबेसच्या लॉगमध्ये टाइम मागे गेलेला दिसतो, आणि मधूनच डोमेन लॉगिन होत नाही. काय चुकतंय?

उत्तर : ताई, ती स्क्रिप्ट आजच काढा. घड्याळ दुरुस्त करायच्या दोन पद्धती, एक म्हणजे उडी मारून एकदम बरोबर टाइमवर जाणं आणि दुसरी म्हणजे घड्याळ जरासं हळू किंवा जोरात चालवून हळूहळू जुळवणं. तुमची स्क्रिप्ट रोज रात्री उडी मारते. मशीन चार सेकंद पुढे असेल तर रात्रीचे तेच चार सेकंद दोनदा येतात, आणि आधी टाकलेली नोंद नंतरच्या नोंदीपेक्षा नवी दिसायला लागते. जुना एनटीपीडी हा प्रोग्रॅम १२८ मिलिसेकंदांच्या आतला फरक सरकवून भरतो, पण सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण एक सेकंद भरायला त्या वेगाने अर्ध्या तासाच्या वर लागेल, आणि फरक १००० सेकंदांच्या वर दिसला तर तो सरळ काम सोडून बंद पडतो. क्रॉनी बराच जोरात सरकवतो. त्यात 'मेकस्टेप १.० ३' असं लिहिलं की सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन अपडेटमध्येच उडी मारायची मुभा, नंतर नाही. डेटाबेसला हेच बरं.

पण व्हीएममध्ये मेख अशी की स्नॅपशॉटवरून परत आणलेल्या मशीनला वाटतं आपण थांबलोच नव्हतो, ते तीन अपडेट केव्हाच होऊन गेलेले असतात. म्हणून रिस्टोअर केल्यावर आधी क्रॉनी रीस्टार्ट, टाइम जुळला का बघा, मग डेटाबेस चालू. दुसरं, एकाच मशीनला दोन मालक नकोत. होस्टकडूनही टाइम येतोय आणि एनटीपीकडूनही येतोय असं असलं की दोघं ओढाताण करतात. व्हीएमवेअर असेल तर टूल्समधलं टाइम सिंकचं टिक काढलं तरी स्नॅपशॉट, रिझ्यूम आणि व्हीमोशनच्या (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायच्या) वेळी एकदा सिंक होतंच, ते ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. तुमच्या लॉगमधली उडी नेमकी स्नॅपशॉटलाच येते म्हणजे माझा पहिला संशय तिथेच आहे. होस्टची स्वतःची घड्याळं पण एनटीपीवर आहेत ना ते बघा, ते कुणी बघतच नाही.

डोमेन लॉगिनचं कारण कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवायचा प्रोटोकॉल. त्यात दोन्हीकडच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, डीफॉल्ट तेवढंच असतं. डोमेनमधल्या विंडोज मशीनना बाहेरचा एनटीपी देत बसू नका, त्या डोमेन कंट्रोलरकडून घेतात, सगळे कंट्रोलर शेवटी पीडीसी एम्युलेटरकडे (त्यांच्यातल्याच एका मुख्य कंट्रोलरकडे) येतात, तेवढा एक बाहेरच्या सर्व्हरना जोडा. तो स्वतःच व्हीएम असेल तर त्याचं होस्टकडचं सिंक सगळ्यात आधी बंद.

तुमच्या डेव्हलपर मंडळींना पण सांगा, किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ (म्हणजे मशीनची तारीख-वेळ) वापरू नका, मोनोटॉनिक क्लॉक वापरा, तो मागे जात नाही. १ जानेवारी २०१७ ला लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घातलेला जादा सेकंद) आला तेव्हा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये दोन वेळांची वजाबाकी निगेटिव्ह आली आणि काही सर्व्हरवर तो प्रोग्रॅम कोसळला. टाइम कधी मागे जातच नाही असं लिहिणाऱ्याने धरलं होतं.

प्रश्न : आमच्या सर्व्हरच्या ॲडमिन लॉगिनला मोबाइलमधला सहा आकडी कोड लागतो. सगळ्यांचेच कोड एकदम चुकीचे यायला लागले. सर्व्हरवर टाइम तर बरोबर दिसतोय!

उत्तर : दिसतोय ना, तिथेच घोळ आहे. तो कोड १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले त्यावरून निघतो, तीस तीस सेकंदांचे तुकडे करून, आणि सर्व्हर बहुतेक एखादा तुकडा मागचा पुढचा चालवून घेतो. टाइमझोनचा त्यात काही संबंध नसतो. एकाचाच कोड चुकला असता तर फोन बघा म्हटलं असतं, सगळ्यांचा चुकतोय म्हणजे सर्व्हर. बहुतेक असं झालंय की सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे) होता, कुणालातरी वाटलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे, त्याने टाइमझोन न बदलता घड्याळच साडेपाच तास पुढे ढकललं. स्क्रीनवर भारतीय वेळ दिसते, आतून सर्व्हर भविष्यात आहे. 'डेट मायनस यू' करून यूटीसी बघा आणि मोबाइलशी ताडून बघा.

प्रश्न : नागपूरच्या एका निवृत्तांच्या पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर बघतो. नवीन रिपोर्टमध्ये काही ज्येष्ठ सभासदांची जन्मतारीख एक दिवस आधीची येते. सगळे १९४२ ते १९४५ मधले. १९४६ नंतर जन्मलेल्यांचं बरोबर आहे. सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय का?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मजा आली. घड्याळ ठीक आहे, दोष दुसऱ्या महायुद्धाचा आहे. युद्धाच्या काळात भारतात घड्याळं एक तास पुढे होती, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, आणि त्याआधी १९४१-४२ मध्ये काही महिने. कॉम्प्युटरच्या टाइमझोनच्या यादीत 'एशिया कोलकाता' खाली हे सगळं नोंदलेलं आहे. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरने १२ मे १९४३ ही जन्मतारीख मध्यरात्र धरून यूटीसीत ठेवली, ती झाली ११ मे संध्याकाळी ५:३०. नव्या रिपोर्टमध्ये कुणीतरी सरसकट साडेपाच तास मिळवले, आले ११ मे रात्रीचे ११. गेला एक दिवस. १९४६ वाल्यांना साडेपाच वजा झाले आणि साडेपाचच मिळवले, बरोबर बारा.

आत्ता रिपोर्टमध्ये नुसते साडेपाच तास मिळवण्याऐवजी टाइमझोनचं नाव देऊन रूपांतर करा, तारखा लगेच सुधारतील. पण खरं म्हणजे जन्मतारखेला वेळच नको, कॉलम नुसत्या तारखेचा करा. (मुंबईकर तर १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम धरून होते, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ते त्या यादीत 'एशिया कोलकाता' खाली नाही, नाहीतर तुमचं आणखी एक काम वाढलं असतं.)

प्रश्न : मी फ्रँकफर्टला एका डेटा सेंटरमध्ये काम करते. इथे सगळे म्हणतात लीप सेकंद आता बंद होणार, मग त्याची तयारी करायची की नाही? आमचे काही सर्व्हर गुगलच्या एनटीपीवर आहेत, काही जर्मनीतल्या सरकारी सर्व्हरवर.

उत्तर : बंद व्हायचं ठरलंय, पण अजून झालेला नाही. १९७२ पासून २७ लीप सेकंद आले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीला (आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट होती, ५:२९:६० अशी वेळ एक सेकंदभर होती). नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत हा प्रकार थांबवायचा. तोपर्यंत आलाच तर त्रास कसा होतो ते २०१२ मध्ये दिसलं, ३० जूनच्या लीप सेकंदाला लिनक्सच्या कर्नलमधल्या एका चुकीमुळे कितीतरी सर्व्हरचे सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन बसले, रेडिट पण बंद पडलं होतं, आणि त्या वेळी उपाय काय सापडला तर हाताने टाइम पुन्हा सेट करायचा! वर एकीला जे करू नका म्हटलं तेच.

तुमच्या बाबतीत लीप सेकंदापेक्षा ती सरमिसळ जास्त काळजीची आहे. गुगल लीप सेकंद एकदम घालत नाही, दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा असा चोवीस तासांवर पसरवतो. सरकारी सर्व्हर एकदम घालतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या दोन गटांत जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाचा फरक पडेल, आणि एकाच मशीनवर दोन्ही प्रकारचे सर्व्हर दिले असतील तर कोण खोटं बोलतंय हे ठरवण्यात ते मशीन दिवसभर हेलकावे खाईल. गुगल स्वतःच सांगतं की आमचे सर्व्हर दुसऱ्यांच्या सोबत मिसळू नका. कुठलाही एक प्रकार निवडा, तुमच्याकडे सरकारी हाताशी आहेत तर तेच, आणि गुगलवाली ओळ सगळ्या फाइलींमधून काढून टाका.